कुपीतली प्रतिकारशक्ती

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्याकडे भलताच स्वस्त झाला आहे. २०२० सालच्या महामारीने तो वैद्यकाच्या ग्रंथांतून उचलला आणि थेट किराणा मालाच्या दुकानात आणून ठेवला. तेव्हापासून चहाच्या पुड्यांवर, बिस्किटांच्या वेष्टनांवर आणि काढ्यांच्या बाटल्यांवर तो झळकतो आहे. प्रौढ माणसाने स्वतःच्या पैशाने असला एखादा काढा घेतला तर खिशाला बसणाऱ्या चाटीपलीकडे सहसा काही बिघडत नाही. परंतु हाच शब्द नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा राहतो, दीड किलो वजनाच्या जिवाच्या बापाच्या हातात मध्यरात्री चिठ्ठी देतो आणि त्याला ‘प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी’ हजारो रुपयांची कुपी आणावयास पिटाळतो, तेव्हा मात्र गप्प बसणे योग्य होणार नाही. त्या घटकेला तो बाप कुणाला काय विचारणार? काचपेटीतल्या बाळाची छाती धपापताना त्याने पाहिलेली असते. तो बायकोची पाटली गहाण टाकतो आणि कुपी आणतो.

कुणा एका रुग्णालयाकडे वा डॉक्टराकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही. हातात दुसरे काही नसताना जे आहे ते देऊन पाहावे, ही वैद्याची वृत्ती मानवी आहे आणि अनेकदा ती करुणेपोटीच असते. परंतु या कुपीने काय साधते आणि काय साधत नाही, हा प्रश्न आता मतांचा उरलेला नाही. त्याची उत्तरे हजारो अर्भकांवरील अभ्यासांतून मिळालेली आहेत.

मुळात नवजात बालक इतके हतबल का असते, हे आधी पाहू. आईच्या उदरात ते जंतूंपासून जवळजवळ अलिप्त असते. जंतूंशी लढण्याचा अनुभव त्याच्या गाठी नसतो. निसर्गाने यावर एक व्यवस्था करून ठेवली आहे. आईने आयुष्यभरात ज्या ज्या रोगांशी झुंज दिली, ज्या ज्या लसी घेतल्या, त्यांच्या आठवणी तिच्या रक्तात प्रतिपिंडांच्या रूपाने असतात. ही प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात. हे दान गरोदरपणाच्या तेराव्या आठवड्याच्या आसपास थोडे थोडे सुरू होते, पण त्याचा खरा ओघ शेवटच्या महिन्यात असतो. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या रक्तात या जातीची प्रतिपिंडे आईपेक्षाही किंचित अधिक सापडतात. आईने बांधून दिलेली ही शिदोरी पहिले काही महिने पुरते. अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मलेले बाळ म्हणजे शिदोरी बांधून होण्यापूर्वीच उंबरठ्याबाहेर पडलेला पांथस्थ. त्याची त्वचा कागदासारखी पातळ, आतडे कोवळे, पांढऱ्या पेशींचा साठा तुटपुंजा. त्यात शिरेत सुई आणि श्वासनलिकेत नळी. जंतूंना शिरावयास याहून सोयीची वाट कोणती हवी?

आईकडून मिळणाऱ्या या संरक्षणाचा शोध जुना आहे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १८९२ साली उंदरांवर एक साधा आणि सुंदर प्रयोग केला. विषाला तोंड देण्याची ताकद आलेल्या मादीची पिले त्यांनी साध्या मादीकडे दिली आणि साध्या मादीची पिले त्या पहिल्या मादीच्या अंगावर पाजावयास ठेवली. आईकडून संरक्षण जन्मापूर्वीही मिळते आणि दुधातूनही मिळते, हे त्यातून दिसून आले. मग पुढच्या पिढ्यांतील डॉक्टरांच्या मनात जे आले ते स्वाभाविकच होते. शिदोरी अपुरी असेल तर ती बाहेरून भरून का देऊ नये? हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे वेगळी काढता येऊ लागली होती. ‘इम्युनोग्लोब्युलिन’ या नावाने ती कुपीत मिळू लागली आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत अर्भकांच्या शिरेतून ती देण्याचे प्रयोग ठिकठिकाणी झाले.

हे प्रयोग लहान लहान होते. कुठे पन्नास बाळे, कुठे शंभर. त्यांची बेरीज मांडली की मृत्यू कमी झाल्यासारखे दिसत. तर्क बिनतोड, आकडे आशादायक आणि दारात मरणाची छाया; मग हा उपचार रूढ झाला नसता तरच नवल. तरीही काही मंडळींना या बेरजेचा भरवसा वाटेना. त्यांनी एक मोठा अभ्यास हाती घेतला. नऊ देशांतील ११३ रुग्णालये त्यात सामील झाली. जंतुसंसर्ग झालेली किंवा झाल्याचा दाट संशय असलेली, प्रतिजैविके चालू असलेली ३४९३ अर्भके निवडली गेली. निम्म्यांना इम्युनोग्लोब्युलिनच्या दोन मात्रा मिळाल्या, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषधहीन द्रावण मिळाले. कुणाला काय दिले, हे आईबापांना ठाऊक नव्हते आणि उपचार करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. मूल रुग्णालयातून घरी गेले एवढ्यावर हे संशोधक थांबले नाहीत. प्रत्येक मूल दोन वर्षांचे होईपर्यंत ते थांबले आणि त्यातली किती दगावली, किती गंभीर अपंगत्व घेऊन जगत आहेत, हे त्यांनी मोजले.

निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या गटात मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व आलेल्या मुलांचे प्रमाण ३९.० टक्के होते आणि न मिळालेल्या गटातही ३९.० टक्केच. दशांशचिन्हापुढचा आकडादेखील बदलला नाही. वैद्यकाच्या इतिहासात इतके निःसंदिग्ध ‘नाही’ क्वचितच ऐकू येते.

दुसरी कल्पना पांढऱ्या पेशींची. जंतू गिळणाऱ्या या पेशी अपुऱ्या दिवसांच्या बाळात कमी असतात, तेव्हा त्या वाढवणारे औषध द्यावे, असा विचार पुढे आला. ब्रिटनमध्ये २८० अर्भकांवर तो पारखला गेला आणि २००९ साली त्याचा अहवाल आला. पेशी खरोखरच वाढल्या. जंतुसंसर्ग मात्र कमी झाला नाही. हा निष्कर्ष आम्हांला विशेष बोधक वाटतो, कारण आपल्याकडे रक्ततपासणीचा कागद सुधारला की रोगी सुधारला असे मानण्याची खोड डॉक्टरांना आहे आणि नातेवाइकांना तर त्याहून अधिक आहे.

तिसरी गोष्ट लॅक्टोफेरिनची. आईच्या चिकात हे प्रथिन मुबलक असते आणि जंतूंना लागणारे लोह ते अडवून धरते. गाईच्या दुधातून काढलेले लॅक्टोफेरिन बाळांना पाजल्यास जंतुसंसर्ग घटतो, असे इटलीतील एका अभ्यासाने २००९ साली सांगितले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती. पुढे ब्रिटनमध्ये २२०३ अर्भकांवर तीच परीक्षा झाली. २०१९ च्या अहवालानुसार लॅक्टोफेरिन घेणाऱ्यांत २९ टक्के बाळांना नंतरचा जंतुसंसर्ग झाला, न घेणाऱ्यांत ३१ टक्के. हा फरक योगायोगापलीकडे जात नाही. आईच्या दुधातला एक घटक काढून डब्यात भरला म्हणजे आईचे दूध डब्यात येत नाही.

आता एक पळवाट उरते. आपल्याकडे बऱ्याचदा जी कुपी लिहून दिली जाते ती निराळ्या, ‘एम’ वर्गाची प्रतिपिंडे अधिक असलेल्या प्रकारची असते आणि त्या मोठ्या अभ्यासात ती नव्हती, असे सांगितले जाते. हे खरे आहे. परंतु या निराळ्या कुपीवर अर्भकांत झालेले जे अभ्यास एकत्र करून तपासले गेले, ते मूठभर आणि लहान आहेत. त्यांतील बाळांची एकूण संख्या तीनशेच्याही आत भरते आणि मृत्यू निश्चितपणे घटल्याचे त्यांतून सिद्ध होत नाही. म्हणजे पहिल्या कुपीबद्दल सुरुवातीला जी स्थिती होती तीच आज दुसरीची आहे. एकदा ठेच लागली असताना त्याच दगडावर पुन्हा पाय का द्यावा?

इम्युनोग्लोब्युलिन हे औषधच टाकाऊ, असा याचा अर्थ नव्हे. ज्यांच्या शरीरात जन्मतःच प्रतिपिंडे तयार होत नाहीत अशा मुलांना ते अक्षरशः जीवदान देते. दात्यांच्या रक्तातून मिळणारी ही वस्तू दुर्मीळ असते, आणि म्हणूनच ती जिथे उपयोगी नाही तिथे ओतली जाऊ नये.

मग ती इथे निरुपयोगी का ठरावी? एक कारण असे दिसते की ही प्रतिपिंडे कुणा अनोळखी, धडधाकट प्रौढांची असतात. त्यांच्या अंगणात जे जंतू फिरले त्यांची त्यांना ओळख. आपल्या रुग्णालयांतील जंतू निराळेच असतात. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत १३,५३० नवजात बालकांचे निरीक्षण करून २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तिथे जंतुसंसर्गाच्या मुळाशी सर्वांत अधिक वेळा सापडला तो ॲसिनेटोबॅक्टर, त्यामागोमाग क्लेब्सिएला. ॲसिनेटोबॅक्टरच्या दहापैकी आठ नमुन्यांनी अनेक प्रतिजैविकांना दाद दिली नाही. हे जंतू आकाशातून पडत नाहीत. ते न धुतलेल्या हातांवरून, ओल्या नळ्यांतून आणि एका पेटीत कोंबलेल्या दोन बाळांमधून फिरतात. त्यांच्यावरचा इलाज कुपीत शोधण्यापेक्षा हात धुण्याच्या नळापाशी शोधणे अधिक फलदायी ठरेल. नळाचे बिल मात्र कुणाच्या नावे फाडता येत नाही!

बाहेरून दिलेली प्रतिकारशक्ती कधीच उपयोगी पडत नाही काय? पडते, किंबहुना तिने लाखो अर्भके वाचवली आहेत. अट एवढीच की कोणत्या रोगाविरुद्ध ती द्यावयाची, हे नेमके ठरलेले असले पाहिजे. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या घराघरांतल्या एका जुन्या भयाशी निगडित आहे.

पाचवी-सहावीची रात्र आठवा. बाळंतिणीच्या खोलीत दिवा विझू द्यावयाचा नाही, कुणी ना कुणी जागे राहावयाचे, सटवाईची पूजा मांडावयाची, कारण त्याच सुमारास ती बाळाला उचलून नेते, अशी समजूत. या समजुतीला हसण्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या निरीक्षणशक्तीला दाद द्यावी असे आम्हांला वाटते. नाळ कापताना शिरलेल्या जंतूंमुळे होणारा धनुर्वात साधारणपणे पहिल्या आठवड्याच्या शेवटी प्रकट होतो. चांगले जन्मलेले, दोन दिवस अंगावर नीट प्यालेले बाळ एकाएकी दूध ओढेनासे होते, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताणते आणि सारे संपते. या सटवाईचा बंदोबस्त कसा झाला? आईला गरोदरपणी धनुर्वाताची लस द्यावी, तिच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतील, या विचाराने न्यू गिनीत केलेल्या प्रयोगाचे फळ १९६१ साली जगापुढे आले. त्यानंतरही जगाला जाग यायला वेळ लागला. १९८८ साली जगात या रोगाने ७ लाख ८७ हजार नवजात बालके दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात आईला लस आणि नाळेला स्वच्छ पाते या दोन गोष्टी नेटाने खेड्यापाड्यांत पोहोचवल्या गेल्या आणि २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे मान्य करण्यात आले. सुईणीच्या विळ्याने नाळ कापलेली पिढी आज आजी-पणजी झाली आहे. या बदलाचे मोल तिला विचारावे.

कावीळ-ब बाबतही तेच. आई त्या विषाणूची वाहक असेल तर बाळाला जन्मानंतर पहिल्या बारा तासांत लस आणि त्या एका विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, दोन्ही टोचावयाची. रोग आईकडून मुलाकडे जाण्याची वाट त्यामुळे बव्हंशी बंद होते. अगदी अलीकडचे उदाहरण आरएसव्ही या विषाणूचे. तान्ह्या बाळांच्या छातीत कफ भरवून त्यांना रुग्णालयात पोहोचवणाऱ्या या विषाणूविरुद्ध प्रयोगशाळेत घडवलेले एकाच साच्याचे प्रतिपिंड, निर्सेव्हिमॅब, आता उपलब्ध आहे. फ्रान्स, जर्मनी व ब्रिटनमधील ८०५८ बालकांवरच्या अभ्यासात एका टोचणीने या आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ८३ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली दिसून आले. हीही कुपीच आहे, महागही आहे. परंतु ती एका कुलपाची नेमकी किल्ली आहे. किल्ल्यांचा जुडगा अंधारात फेकून दार उघडेल अशी आशा करणे निराळे.

बीसीजीच्या लशीबद्दल मध्यंतरी बराच बोलबाला झाला. क्षयाखेरीज इतर जंतुसंसर्गांपासूनही ती नवजातांना वाचवते, असे पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशातील कमी वजनाच्या बालकांवरील अभ्यासांत आढळले. दक्षिण भारतात रशियन वाणाची लस देऊन तशाच बालकांत पडताळा घेतला तेव्हा मृत्यू घटल्याचे दिसले नाही. क्षयासाठी ती जन्मतः द्यावयाचीच आहे, ती वेळेवर द्यावी. बाकीचे श्रेय तिला देण्याची घाई नको.

आता आईच्या दुधाकडे वळू. स्वीडनचे लार्स हॅन्सन यांनी १९६१ च्या सुमारास दुधातल्या विशिष्ट प्रतिपिंडांचा अभ्यास पुढे आणला आणि चिकाचे रहस्य उलगडू लागले. आई जे खाते, ज्या हवेत श्वास घेते, त्यांतले जंतू तिच्या आतड्याला आणि श्वसनमार्गाला भेटतात. त्यांची ओळख पटलेल्या पेशी तिथून प्रवास करीत स्तनांत येतात आणि नेमक्या त्याच जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे दुधात उतरतात. म्हणजे ज्या घरात बाळ वाढणार, ज्या वॉर्डात ते पडून आहे, तिथल्याच जंतूंवरचे औषध तिथल्या तिथे, बाळाच्या मापाने, रोजच्या रोज तयार होते. कुपीतल्या परक्या प्रतिपिंडांना जे जमले नाही ते इथे साधते, पण त्यासाठी एक साधी गोष्ट घडावी लागते. आई बाळाजवळ असली पाहिजे. ती तीन मजले खाली प्रसूती कक्षात आणि बाळ वर काचेच्या आड, अशी स्थिती असेल तर ही साखळी तुटते.

पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची आणि तीन दिवस साखरपाण्यावर बाळ ठेवण्याची जुनी रीत आता बरीच मागे पडली आहे. तिची जागा नव्या रीतीने घेतली आहे. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की देशात ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत झाली. पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर दूध मिळालेली बालके अवघी ४१.८ टक्के. डॉक्टर, परिचारिका हजर असताना निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या तासात आई मिळत नाही. आपल्या गोमंतकात तर जवळजवळ प्रत्येक बाळंतपण रुग्णालयात होते आणि दहापैकी सुमारे चार शस्त्रक्रियेने होतात. आई भुलीच्या गुंगीत, म्हणून बाळाला वाटी-चमच्याने पावडरीचे दूध, असा परिपाठ जिथे असेल तिथे प्रतिकारशक्तीची पहिली आणि फुकटची मात्रा हातची जाते. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार देशाचा बालमृत्युदर हजारी २८ असताना गोव्याचा ५ होता. याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु जिथे दर इतका खाली येतो तिथे उरलेले मृत्यू बव्हंशी पहिल्या महिन्यातल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे असतात, आणि हा लेख त्यांच्याविषयीच आहे.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाने या बाबतीत फार पूर्वी वाट दाखवली आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने तिथे १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. महापालिकेचे रुग्णालय, गर्दी अपार, पैसा बेताचा. महागडी औषधे परवडत नव्हती म्हणूनच कदाचित तिथे लोकांना आईच्या दुधाचा विचार इतक्या गंभीरपणे करावासा वाटला असेल.

दूध म्हटले की आपल्याकडे गुटीचा विषय निघणारच. सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग यांचे वळसे उगाळून आईच्या दुधात कालवलेली गुटी अनेक पिढ्यांनी घेतली आहे. त्यामागची माया आम्ही जाणतो, आमच्यापैकी बहुतेकजण त्याच गुटीवर वाढले. पण आज निष्ठूर होऊन सांगितले पाहिजे की पहिल्या महिन्यात ती सहाण, ते बोट आणि ते पाणी हीच जंतूंची वाट ठरू शकते. मधाचे तर नावच नको. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असतात. प्रौढाच्या पोटात ती निरुपद्रवी राहतात. तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष सोडतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. तान्ह्यांतला हा विकार १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. तेव्हापासून वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये असे जगभर सांगितले जाते. जातकर्माचा संस्कार करावयाचाच असेल तर मधाचे बोट बाळाच्या ओठांना न लावताही मंत्र म्हणता येतात.

नवे सारे निरुपयोगी आणि जुने सारे घातक, असा सोपा हिशेब मात्र कुणी करू नये. ओडिशाच्या १४९ खेड्यांत ४५५६ नवजात बालकांवर एक अभ्यास झाला. आतड्यात नांदणारे एका जातीचे उपकारक जंतू आणि त्यांना पोसणारी एक शर्करा, यांची पूड सात दिवस पाजण्यात आली. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. निष्कर्ष स्पृहणीय आहे. पण ही बाळे जवळजवळ पूर्ण दिवसांची, धडधाकट वजनाची आणि आईच्या दुधावर असलेली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अपुऱ्या दिवसांच्या नाजूक बाळांना रुग्णालयांत असे जिवंत जंतू देताना त्यांचेच रक्तात संक्रमण होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी एका बाळाच्या मृत्यूनंतर २०२३ साली दिला. ओडिशातल्या झोपडीत उपकारक ठरलेली पूड शहरातल्या काचपेटीत तशीच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. बाजारात तिच्या नावाने मिळणाऱ्या प्रत्येक पुडीत तोच जंतू आणि तेवढाच असतो, असेही नाही.

ज्या उपायाबद्दल आज सर्वांत कमी शंका उरली आहे तो आपल्या बायकांना सांगावाही लागू नये असा आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८-७९ साली काचपेट्या पुरेनात तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवावयास सुरुवात केली. कांगारूचे नाव त्या पद्धतीला चिकटले. पुढे दिल्लीसह आफ्रिकेतील चार देशांतल्या रुग्णालयांत ३२११ बाळांना जन्मापासूनच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवून पाहण्यात आले. नेहमीच्या पद्धतीने वाढवलेल्या गटात १५.७ टक्के बाळे महिन्याच्या आत दगावली. या गटात १२ टक्के. जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळेही कमी होती. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवावा लागला, आणि २०२१ साली हे सारे प्रसिद्ध झाले. आईच्या त्वचेवरचे सौम्य जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्ती करतात, रुग्णालयातल्या दांडग्यांना जागा उरत नाही; ऊब टिकते, दूध वाढते. यात विकण्यासारखे काही नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

आणि एवढे करूनही जंतुसंसर्ग झालाच तर? तर मग वेळ हेच औषध. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत जे करून दाखवले ते महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसालाही ठाऊक असावे. गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना त्यांनी बाळ तपासावयास शिकवले. दूध ओढणे मंदावले, रडणे क्षीण झाले, अंग गार पडले, पोट फुगले, छाती आत ओढू लागली, हे ओळखावयाचे आणि घरातच प्रतिजैविकाची टोचणी सुरू करावयाची. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. पूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांतील १६ ते १७ दगावत, ती संख्या तीनच्या आत आली. त्या आरोग्यसेविकांच्या पिशवीत इम्युनोग्लोब्युलिन नव्हते. घड्याळ, थर्मामीटर, वजनकाटा आणि दोन साधी औषधे होती. आज देशभर आशा सेविका नवजाताच्या घरी जातात, त्या व्यवस्थेचे मूळ तिथे आहे.

या सर्वांवरून आपल्या राज्याने काय करावे, हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. जी कुपी कुटुंबाला कर्जात लोटते ती लिहून देण्यापूर्वी तिच्यामागे कोणता पुरावा आहे आणि कोणता नाही, हे बाळाच्या पालकांना त्यांच्या भाषेत, मराठी-कोंकणीत, लेखी सांगण्याचे बंधन सरकारी व खाजगी दोन्ही रुग्णालयांवर असावे. शस्त्रक्रियेनंतरही पहिल्या तासात बाळ आईच्या अंगावर गेले की नाही, याची नोंद प्रत्येक प्रसूतिगृहाने ठेवावी आणि आरोग्य खात्याने ती दरसाल प्रसिद्ध करावी. अर्भक-आहाराच्या जाहिरातींना लगाम घालणारा १९९२ चा कायदा प्रसूतिगृहांच्या भिंतींवर आणि त्यांच्या औषध दुकानांत पाळला जातो की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

शेवटची मागणी जागेची आहे. बांबोळीला केवळ गोव्यातलीच नव्हे, सिंधुदुर्गातली आणि कारवारकडचीही आजारी बाळे येतात. बाळ पेटीत महिना-दीड महिना राहते. ओली बाळंतीण तेवढे दिवस कुठे राहते, काय खाते, रात्री दोन वाजता दूध पाजावयास कशी पोहोचते, हा प्रश्न राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या आराखड्यात आता आला पाहिजे. नवजात विभाग बांधताना पेट्यांची संख्या ठरते, यंत्रांची यादी होते, निविदा निघतात. त्याच कागदावर प्रत्येक पेटीमागे एक खाट आणि एक टेकून बसण्याजोगी खुर्ची, आईसाठी, लिहिली जावी. काचेच्या अलीकडे नव्हे, पलीकडे.